समाजमाध्यमांवरील जाहिरात आणि आपला छोटा व्यवसाय

आपल्या समाजातील तरुणांनी व भगिनींनी केवळ नोकरीच्या आशेवर न राहता व्यवसायात उतरावे, असे आपण गेली कित्येक वर्षे व्यासपीठावरून सांगत आलो आहोत. ते योग्यच आहे. परंतु माल तयार झाल्यावर तो विकत घेणारा माणूस कोठून येतो, याविषयी मात्र व्यासपीठावर फारसे बोलले जात नाही. कोणी विचारलेच तर उत्तर तयार असते : “आता काय, मोबाइल आहे. एक रील टाका, जाहिरात फुकट होते.” हे उत्तर देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्वतः पाव किलो चटणीसुद्धा विकलेली नसते. ज्यांनी विकली आहे त्यांचा अनुभव काय आहे आणि तसा तो का येतो, हे समजावून देण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

मी एका बँकेत लिपिक आहे. मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. तिच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते, त्यामुळे शिलाई, खाद्यपदार्थ, मेहंदी, मोबाइल दुरुस्ती असे लहान धंदे करणारी माणसे माझ्या टेबलासमोर येऊन बसतात. त्यांच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात मशीन असते, कच्चा माल असतो, गाळ्याचे भाडे असते. ‘जाहिरात’ या मथळ्याखाली मात्र बहुधा शून्य असते किंवा तो मथळाच नसतो. विचारले तर सांगतात, “साहेब, ते तर इन्स्टाग्रामवर फुकट आहे.” वास्तविक पाहता ज्या कंपनीच्या मालकीची फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप ही तिन्ही माध्यमे आहेत, त्या मेटा कंपनीचे २०२४ सालचे उत्पन्न सुमारे १६४.५ अब्ज डॉलर होते आणि त्यातील सुमारे १६०.६ अब्ज डॉलर जाहिरातींचे होते. म्हणजे शंभर डॉलरमधले ९७ हून अधिक डॉलर जाहिरातीतून आले. जिचे पोटच जाहिरातीवर चालते ती कंपनी आपली जाहिरात सदैव फुकट कशी करील, हा प्रश्न अंदाजपत्रक लिहिण्याआधी विचारावयास हवा.

पूर्वी जाहिरात करणे सोपे होते असे मी म्हणणार नाही, परंतु ते समजण्यास सोपे होते. वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातीला शब्दाप्रमाणे दर असे. विविध भारतीवर १९६७ साली मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवरून व्यापारी जाहिराती सुरू झाल्या, तेथेही सेकंदाला दर ठरलेला. हजार हस्तपत्रके छापून पेपरवाल्याकडे दिली की ती हजार घरांत पडत. वाचतील किंवा त्यावर वडे ठेवतील, तो भाग वेगळा. किती पैसे दिले आणि किती दारांपर्यंत गेलो, हे सांगता येत असे.

समाजमाध्यमांवर नेमके हेच सांगता येत नाही. आपल्या पानाला ६०० लोक ‘फॉलो’ करीत असले म्हणजे आपण टाकलेली प्रत्येक पोस्ट ६०० जणांना दिसते, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. एखादा माणूस मोबाइल उघडतो तेव्हा त्याच्यासाठी शेकडो पोस्टी रांगेत असतात. त्यातून कोणती वर ठेवायची आणि कोणती दाखवायचीच नाही, हे संगणकाचा एक कार्यक्रम ठरवितो. त्याला अल्गोरिदम म्हणतात. हा माणूस पूर्वी कशावर थांबला, कोणाला उत्तर दिले, कोणता व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, यावरून तो अंदाज बांधतो. फेसबुकने स्वतःच २०१२ साली सांगितले होते की, एखाद्या पानाची पोस्ट त्याच्या चाहत्यांपैकी सरासरी १६ टक्के लोकांपर्यंत पोहोचते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ओगिल्वी या जाहिरातसंस्थेने शंभराहून अधिक पानांची पाहणी केली तेव्हा हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आले होते. इन्स्टाग्रामने २०१६ साली वेळेच्या क्रमाने पोस्टी दाखविणे सोडून हीच पद्धत धरली. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की, यापुढे मित्र व कुटुंबीय यांच्या पोस्टींना प्राधान्य मिळेल आणि व्यवसायांच्या पोस्टी कमी दिसतील. यात लपवाछपवी काही नाही, हे सर्व जाहीरपणे झाले. आपल्यापर्यंत ते कोणी मराठीत पोहोचविले नाही, एवढेच.

माझ्या थोरल्या वहिनी नेरूळमध्येच राहतात. त्यांचे माहेर सोलापूरकडचे. काळे तिखट आणि उखळात कुटलेली शेंगांची चटणी त्या घरी करून विकतात. मुलाने त्यांना एका समाजमाध्यमावर पान काढून दिले. पहिल्या आठवड्यात नातेवाईक, माहेरचे लोक, सोसायटीतल्या बायका असे सगळे मिळून पुष्कळ ‘लाइक’ आले. घरात आनंदीआनंद झाला. तिसऱ्या आठवड्यापासून ते अंगठे आणि हृदये एकदम आटली. वहिनींना वाटले, लोकांना आपला कंटाळा आला किंवा चटणीची कोणीतरी निंदा केली. त्या दोन-तीन दिवस अस्वस्थ होत्या. त्यांच्या जावेला त्यांनी विचारलेसुद्धा, “काही ऐकलंस का गं माझ्याबद्दल?” निंदा कोणी केलेली नव्हती. पोस्ट लोकांना दिसतच नव्हती. हे दुःख पूर्वीच्या दुकानदाराला नव्हते. गिऱ्हाईक आले नाही तर तो रस्त्याकडे पाहून सांगू शके की पाऊस आहे, महिनाअखेर आहे. येथे रस्ताच दिसत नाही, त्यामुळे माणूस सगळा दोष स्वतःकडे घेतो. व्यवसाय सोडून देणाऱ्या कित्येक भगिनींच्या बाबतीत मला हेच कारण दिसले आहे, तोटा हे नंतरचे.

पोस्ट दिसेनाशी झाली की तेच माध्यम पैसे भरून ती ‘बूस्ट’ करण्याचा सल्ला देते. येथून पुढचा भाग विद्यार्थी मित्रांनी नीट वाचावा, कारण घरोघरी आईबापांच्या मोबाइलवर हे बटण दाबण्याचे काम त्यांच्याकडेच असते. बूस्टला वर्तमानपत्रासारखा ठरलेला दर नाही. तेथे लिलाव चालतो. एका माणसाच्या डोळ्यांसमोरची एक जागा रिकामी होते, त्या क्षणी ती जागा मागणारे अनेक जाहिरातदार असतात, आणि कोणाची जाहिरात लावायची हे त्यांनी लावलेली बोली व जाहिरात पसंत पडण्याची शक्यता यांवरून ठरते. या लिलावात वहिनींच्या चटणीशेजारी मोबाइल कंपन्या, दागिन्यांच्या पेढ्या आणि घरे विकणारे बिल्डर बसलेले असतात. दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे आपला माल खपण्याचा जो हंगाम, त्याच वेळी मोठे खिसे बाजारात उतरतात आणि तेवढ्याच पैशात आपली जाहिरात कमी लोकांना दिसते.

दुसरी गोष्ट जागेची. जाहिरात कोणत्या भागात दाखवायची हे ठरविण्यासाठी नकाशावर एक वर्तुळ काढता येते. नेरूळ मध्यभागी धरून १५ किलोमीटरचे वर्तुळ काढा. त्यात वाशी, बेलापूर, खारघर, पनवेल येतात, हे ठीक. पण त्याच वर्तुळात ठाण्याची खाडी आणि तिच्या पलीकडचे ट्रॉम्बे, मानखुर्द, चेंबूरही येतात. वर्तुळाला खाडी समजत नाही. नकाशावर समोर दिसणाऱ्या ट्रॉम्बेच्या गिऱ्हाइकाला पाव किलो तिखट द्यायचे तर वाशीच्या पुलावरून वळसा घालून जावे लागते, आणि जाण्यायेण्यात तिखटाचा नफा संपतो. ज्यांचा माल कुरियरने न जाता हातातून हातात जातो, त्यांनी वर्तुळ लहान ठेवावे आणि शक्य तेथे पिनकोड किंवा विभागाचे नाव द्यावे.

आता हिशेब पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. समजा, एक किलो काळ्या तिखटाला मिरची, धणे, खोबरे, तीळ, खडा मसाला, तेल आणि कांडपाचे पैसे मिळून ६२० रुपये खर्च येतो व ते ८०० रुपये किलोने विकले जाते. म्हणजे पाव किलोच्या २०० रुपयांच्या पाकिटावर ४५ रुपये सुटतात. पाकीट व लेबल यांचे ७ रुपये वजा करा, उरले ३८. यात वहिनींच्या मेहनतीचा एक पैसाही धरलेला नाही. आता ५०० रुपयांची जाहिरात केली. तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ५९० रुपये गेले. ही रक्कम केवळ भरून निघण्यासाठी १६ पाकिटे खपली पाहिजेत. समजा जाहिरात पाच हजार लोकांच्या डोळ्यांखालून गेली, शंभर जणांनी ती उघडून पाहिली, दहा जणांनी भाव विचारला आणि चौघांनी माल घेतला. चार पाकिटांचे १५२ रुपये जमेला आणि ५९० रुपये नावे. माध्यमाकडून मात्र निरोप येतो की आपली जाहिरात उत्तम चालली, पाच हजार लोकांपर्यंत पोहोचली, आणखी ५०० रुपये भरा. तो निरोप खोटा नसतो. त्यांनी ‘पोहोच’ विकली व तेवढी दिली. गिऱ्हाईक देण्याचा करार त्यांनी केलेलाच नव्हता.

पण एवढ्यावर जाहिरात वाईट असा निकाल देणे हेही घाईचे होईल. त्या चौघांनी दर महिन्याला पाव किलो तिखट वर्षभर नेले, तर चार गुणिले बारा गुणिले ३८, म्हणजे १,८२४ रुपये सुटतात आणि ५९० चा खर्च अंगावर पडत नाही. तिखट महिन्याला संपते, म्हणून हे शक्य आहे. लग्नाच्या मेहंदीचे किंवा बारशाच्या केकचे गिऱ्हाईक वर्षातून एकदा येते, त्याला हा हिशेब लागू पडत नाही. सबब, “माझ्या मैत्रिणीने जाहिरात केली, तिला फायदा झाला, मला का नाही” या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा जाहिरातीत नसते, मालाच्या स्वभावात असते. याचाच दुसरा अर्थ असा की, नवे गिऱ्हाईक आणण्यावर जेवढा जीव टाकतो त्याच्या निम्मा तरी जुन्या गिऱ्हाइकाला महिन्याच्या चोविसाव्या दिवशी “तिखट संपत आलं असेल” एवढे विचारण्यावर टाकावा. हे विचारायला पैसे पडत नाहीत.

‘लाइक’विषयी थोडे. नांदेडच्या मामेभावाने अंगठा दाखविला म्हणून तो चटणी घेईल असे नाही. २०० रुपयांच्या मालाला ७० रुपये कुरियर पडले तर तोही विचार करतो. तो अंगठा आपुलकीचा असतो, मागणीचा नसतो. काही जण ‘तुम्ही मला फॉलो करा, मी तुम्हाला करतो’ अशा गटांत शिरतात, काही जण पैसे देऊन फॉलोअर विकत घेतात. त्याने आकडा फुगतो आणि नुकसान दुहेरी होते. या लोकांना आपल्या मालात रस नसल्याने ते पोस्टवर थांबत नाहीत, आणि थांबत नाहीत म्हणून तो कार्यक्रम आपली पोस्ट आणखी थोड्यांना दाखवितो.

मेहनतीचाही विचार करावयास हवा. टिकटॉकवर आपल्याकडील खेड्यापाड्यांतल्या, झोपडपट्टीतल्या पोरांनी नाव काढले होते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होते. ज्यांनी दोन-तीन वर्षे खपून तेथे लाखोंचा प्रेक्षकवर्ग जमविला होता, त्यांचा तो एका रात्रीत गेला. बंदी योग्य की अयोग्य हा येथे विषय नाही. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केले आणि तेव्हापासून छायाचित्र टाकून भागेना, व्हिडिओ हवा असे झाले. ज्या बाईने फोटो नीट काढायला नुकतेच शिकून घेतले होते, तिने आता कॅमेऱ्यापुढे बोलायला, कापाकापी करायला, गाणे लावायला शिकायचे. गाण्याचीही गंमत आहे. व्यवसायाचे खाते केले की चित्रपटातली लोकप्रिय गाणी बहुधा वापरता येत नाहीत, कारण त्यांचे हक्क धंद्यासाठी दिलेले नसतात. शेजारच्या मुलीच्या रीलला ते गाणे लागते, आपल्याला लागत नाही, आणि आपल्याला वाटते मोबाइल बिघडला. सकाळी चारला उठून भाजणी करणाऱ्या बाईने रात्री अकराला हे सर्व करायचे. हे तास कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाहीत.

व्हॉट्सॲप त्या मानाने आपल्या लोकांच्या हातातले. जानेवारी २०१८ मध्ये त्याचे व्यवसायासाठीचे वेगळे ॲप निघाले. त्यात मालाची यादी, भाव, दुकानाची वेळ लावता येते. परंतु तेथेही नियम आहेत. ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ नावे घालता येतात, पण ज्याने आपला नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये जतन केलेला आहे त्यालाच तो संदेश मिळतो. वहिनींनी दोनशे जणांना भाव पाठविला आणि उत्तरे अकरा जणांची आली, त्याचे कारण लोकांचा तुसडेपणा नव्हता. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी नंबर जतनच केला नव्हता. तेव्हा पाकीट हातात देतानाच “माझा नंबर सेव्ह करा हो” असे सांगून, तो समोर करून घेणे, हे दहा रीलांपेक्षा अधिक उपयोगी. अनोळखी लोकांना एकगठ्ठा संदेश पाठविले की नंबर बंद होण्याचा धोका असतो. भारतातील अशी लाखो खाती दरमहा बंद केली जातात, असे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार निघणाऱ्या मासिक अहवालांतून दिसते. सोसायट्यांच्या ग्रुपविषयी न बोलणे बरे. ‘जाहिरात टाकू नये’ असा नियम सचिव करतात आणि पहिली जाहिरात त्यांच्या मेहुण्याच्या क्लासची येते.

खाते अचानक बंद पडणे ही सर्वांत मोठी डोकेदुखी. बँकेत आमच्यावर लोक चिडतात, आणि पुष्कळदा ते योग्यही असते. पण निदान समोर एक माणूस बसलेला असतो, त्याच्यावर मॅनेजर असतो, त्याच्याही पलीकडे लोकपालाकडे तक्रार नेता येते. येथे काउंटरच नाही. वहिनींचे पान एकदा बावीस दिवस बंद होते. कारण कळले नाही, आणि पुन्हा उघडले तेव्हाही कळले नाही. अशा वेळी काय करता येते हे ठाऊक असावे. २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक मोठ्या माध्यमाला भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो, आणि त्याच्या निर्णयाने समाधान न झाल्यास केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये स्थापन केलेल्या तक्रार अपील समित्यांकडे ऑनलाइन अपील करता येते. बिघाडाचे वेगळेच. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप ही तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद होती. ज्याच्या गिऱ्हाइकांचे नंबर फक्त त्या ॲपमध्ये होते, त्याचे दुकान त्या रात्री अस्तित्वातच नव्हते. वहीत नंबर लिहून ठेवण्याला मी जुनाट म्हणणार नाही.

जाहिरातीबरोबर फसवणूकही दारात येते. पानावर नंबर दिला की काही दिवसांत एक फोन येतो. बोलणारा स्वतःला लष्करी जवान म्हणवितो, छावणीच्या मेससाठी दहा किलो माल सांगतो, भावात घासाघीस करीत नाही, आणि पैसे देण्यासाठी क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करून पिन टाकायला सांगतो. हा प्रकार देशभर झाला आहे. वहिनींनाही असा फोन आला. त्यांनी लगेच मला विचारले, “भाऊजी, पैसे घ्यायला पिन लागतो का हो?” लागत नाही. पिन फक्त पैसे देण्यासाठी असतो. हे एवढे वाक्य घरातील प्रत्येकाला पाठ करून द्यावे, आणि फसगत झालीच तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन करावा. उशीर होईल तसे पैसे पुढच्या खात्यात सरकत जातात.

आता ज्या गोष्टीविषयी समाजमाध्यमांवरील शिकवणी वर्ग चकार शब्द काढीत नाहीत, तिच्याकडे वळतो.

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची हकीकत आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. संस्थानच्या पागेत ते नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. छत्रपती शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्यास सांगितले. भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल निघाले. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, जागा मोक्याची, फलक लावलेला. आजच्या भाषेत बोलायचे तर पोहोच उत्तम होती, रस्त्याने जाणारा प्रत्येक जण ते पाहत होता. तरी कोणी चहा प्यायला येईना, कारण चहा करणारा कोण हे सर्वांना ठाऊक होते. तेव्हा महाराज स्वतः त्या हॉटेलासमोर गाडी थांबवून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो घ्यायला लावू लागले. राजाने भर रस्त्यात चहा घेतला, हीच त्या हॉटेलाची जाहिरात. माहिती लोकांजवळ आधीपासूनच होती, अडला होता तो विश्वास, किंवा खरे म्हणजे विटाळ.

दुसरी हकीकत ‘मूकनायक’ची. पूज्य बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी हे पाक्षिक सुरू केले तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, असे बाबासाहेबांच्या चरित्रात नमूद आहे. आज पैसे भरले तर कोणतेही समाजमाध्यम आपली जाहिरात आडनाव पाहून नाकारीत नाही. हा फरक लहान नाही, आणि मी समाजमाध्यमांवर कितीही टीका केली तरी एवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे. दार उघडे आहे. दारातून आत आलेला माणूस काय पाहतो, हा पुढचा प्रश्न.

वहिनींच्या व्हिडिओत उखळ, तिखटाची परात आणि मागच्या भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर दिसते. एका बाईंनी दोन किलो चटणीची चौकशी केली, भाव ठरला, पत्ता ठरला, आणि मग त्यांनी विचारले, “तुमचं पूर्ण नाव काय?” वहिनींनी सांगितले. त्यानंतर उत्तर आले नाही. कदाचित त्यांना चटणी दुसरीकडे स्वस्त मिळाली असेल. कदाचित घरी कोणी आजारी पडले असेल. हे ‘कदाचित’ फार छळते. माध्यम आपल्याला किती जणांनी पाहिले, किती सेकंद पाहिले, कोणत्या वयाच्या लोकांनी पाहिले हे सारे सांगते. ज्याने घेतले नाही त्याने का घेतले नाही, हे मात्र सांगत नाही. पुतण्या म्हणाला, “आई, व्हिडिओ काढताना तसबीर कापू. पानाचं नावही नुसतं ‘सोलापुरी चव’ असं काहीतरी ठेवू.” तो वाईट मनाने म्हणाला नाही. त्याने धंद्याचा विचार केला, आणि आपल्यातले कित्येक जण असेच करतात, त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. वहिनी म्हणाल्या, “भिंत माझ्या घरची आहे. तिखट आवडलं तर नेतील.” तसबीर आजही दिसते.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तरी बंद पाकिटातील खाद्यपदार्थांवर उत्पादकाचे नाव व पत्ता छापावाच लागतो. व्यवसायाला वेगळे नाव देता येते, पण करणारा माणूस कायमचा झाकून ठेवता येत नाही, आणि नेरूळसारख्या ठिकाणी, जेथे एका इमारतीतली बातमी संध्याकाळपर्यंत सेक्टरभर होते, तेथे तर नाहीच. चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ साली दिल्लीत मसाले-लोणच्यांचा ऑनलाइन व्यवसाय काढला तेव्हा त्याचे नावच ‘दलित फूड्स’ ठेवले. ओळख लपवून गिऱ्हाईक मिळविण्याऐवजी ओळख लेबलावर छापून, ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे, असा तो प्रयोग होता. प्रत्येकाला तो झेपेल असे नाही. पण ओळखीचा प्रश्न आधी घरात बसून ठरवावा, पहिली ऑर्डर तुटल्यावर नव्हे, एवढे मला पटले आहे.

आणि एक उलट अनुभवही नोंदविला पाहिजे. व्हिडिओतील तसबीर पाहून ‘जय भीम ताई’ म्हणत आपली माणसे आवर्जून येतात, पनवेलहून, कल्याणहून येतात. मग भाव ऐकून म्हणतात, “घरच्यांना काय लावाल?” घरच्यांना ३८ रुपयांतून काय लावणार? ज्याला समाजाचा व्यवसाय उभा राहावा असे वाटते त्याने पूर्ण भाव द्यावा, हे मी येथे मुद्दाम लिहितो, कारण वहिनींना ते तोंडावर म्हणता येत नाही. शाहू महाराजांनी चहाचे पैसे कमी करून मागितल्याचे ऐकिवात नाही.

मग आपल्या लोकांनी समाजमाध्यमे सोडावीत काय? मुळीच नाही. त्यांचा उपयोग ओळखीच्या माणसाला आठवण देण्यासाठी आणि नवख्या माणसाला खात्री पटविण्यासाठी चांगला होतो. कोणी नाव ऐकून शोधले तर पान सापडावे, त्यावर भाव स्पष्ट लिहिलेला असावा, मालाचे खरे छायाचित्र असावे, अन्नाचा धंदा असेल तर नोंदणी क्रमांक असावा. ‘भावासाठी संपर्क करा’ असे लिहिल्याने निम्मे लोक निघून जातात. मात्र पहिली ओळख होण्यासाठी पान पुरत नाही, तेथे माणूस आणि चव लागते. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या परिसरात लागणारे पुस्तकांचे स्टॉल, १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या वाटेवरील टेबले, बचत गटांसाठी भरणारे ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शन, आपल्या विहारातील वर्षावासाचे कार्यक्रम, या सर्व ठिकाणी माणूस माल हातात घेतो, वास घेतो, समोरच्याशी बोलतो. चमचाभर चटणी भाकरीच्या तुकड्यावर देता येते. मोबाइलमधून अजून कोणाला ती देता आलेली नाही.

गेल्या वर्षी मी वहिनींना बँकेच्या खतावणीसारखी एक वही आखून दिली. तारीख, माल, रक्कम, पैसे आले की नाही, आणि शेवटच्या रकान्यात ‘कोठून कळले’. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला हा प्रश्न विचारायचा आणि मिळेल ते उत्तर जसेच्या तसे लिहायचे, असे ठरले. पुतण्या पोस्टी टाकत राहिला, अधूनमधून बूस्टही झाले. तीन महिन्यांनी आम्ही तिघे वही घेऊन बसलो. व्हिडिओ पाहून आलेले गिऱ्हाईक सात होते, त्यांतील पाच दुसऱ्यांदाही आले होते, म्हणजे व्हिडिओ अगदीच वाया जात नव्हता. विहारातल्या टेबलावरून चौदा. आणि नऊ ठिकाणी वहिनींच्या बारीक अक्षरात एकच नोंद होती : ‘शिलाई क्लासच्या बाईंनी सांगितले.’ या बाई कोण, हे विचारता वहिनी म्हणाल्या, त्या आपल्यापैकी नाहीत, दोन वर्षांपूर्वी स्टेशनबाहेर एकदा पाव किलो तिखट घेतले होते, तेव्हापासून दरमहा नेतात. पुतण्याने त्यांना पानावर शोधून पाहिले. त्यांचे कोणत्याच माध्यमावर खाते नव्हते.